भागायचं कशाने?

न्यूयॉर्कच्या हवेचा एक जुना तक्ता संख्याशास्त्र शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. १ मे ते ३० सप्टेंबर १९७३ या काळातल्या प्रत्येक दिवसाची एक ओळ, म्हणजे एकूण १५३ ओळी. रकाने सहा: ओझोन, सूर्याचं ऊन, वारा, तापमान, महिना आणि तारीख. ओझोन मोजला रूझवेल्ट बेटावर, ऊन सेंट्रल पार्कात, वारा आणि तापमान लाग्वार्डिया विमानतळावर. संख्याशास्त्रासाठी वापरली जाणारी ‘आर’ ही भाषा संगणकावर बसवली की हा तक्ता तिच्यासोबत फुकट येतो, म्हणून तो इतका हाताळला गेला आहे.

त्यातल्या ओझोनच्या रकान्याचे पहिले दहा दिवस असे आहेत: ४१, ३६, १२, १८, कोरा, २८, २३, १९, ८, कोरा. एकक आहे ‘पार्ट्स पर बिलियन’, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांमागे ओझोनचे किती भाग. दुपारी एक ते तीन या वेळातली ही सरासरी आहे. म्हणजे आपण ज्यांची सरासरी काढायला बसलो ते आकडेही मुळात सरासऱ्याच आहेत. असो. या दहा दिवसांची सरासरी किती?

बेरीज १८५ येते, त्यात वाद नाही. पण भागायचं आठाने की दहाने? आठाने भागलं तर २३.१, दहाने भागलं तर १८.५. शाळेत सरासरी शिकवताना ‘एकूण बेरीज भागिले एकूण संख्या’ एवढं सांगून गुरुजी मोकळे होतात, कारण पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत कोऱ्या जागा नसतात. खऱ्या तक्त्यांत त्या हमखास असतात, आणि सरासरीची जवळपास सगळी भांडणं अंशात नाही, छेदात होतात.

संगणकाला हे काम सांगायचं तर सूचना पाचसहा ओळींत मावतात. कोणतीही भाषा घ्या, गाभा हाच:

बेरीज = ०
मोजणी = ०
प्रत्येक ओळीसाठी:
    बेरीज = बेरीज + ओळीतला आकडा
    मोजणी = मोजणी + १
सरासरी = बेरीज ÷ मोजणी

यात पाहण्यासारखी ओळ एकच, ‘मोजणी + १’. ती प्रत्येक ओळीला चालवायची की आकडा सापडला तरच, याचं उत्तर ‘जर’ लावून द्यावं लागतं. हातानं लिहिताना हा ‘जर’ आपल्यासमोर उभा राहतो. तयार साधन वापरलं की तो कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि प्रत्येकानं तो आपापल्या मतानं लिहिला आहे.

एका जुन्या साधनापासून सुरुवात करू. १९७७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन या तिघांनी रकान्यांच्या फाइलींवर झटपट काम करणारी एक छोटी भाषा तयार केली आणि आपल्या आडनावांची आद्याक्षरं जोडून तिला ‘ऑक’ असं नाव दिलं. तिच्यात एका ओळीच्या आज्ञेत रकान्याची सरासरी निघते. बेरीज करत जायचं आणि शेवटी वाचलेल्या ओळींच्या संख्येनं भागायचं. ही संख्या ऑक स्वतःच मोजत असते. सुटसुटीत, जलद, आजही रोजच्या वापरात. पण आकडा हवा तिथे आकडा दिसला नाही की ऑक तिथे शून्य धरून पुढे जाते, तक्रार न करता. वर रकान्यांच्या नावांची पहिली ओळ असेल तर तीही शून्य म्हणून बेरजेत आणि एक ओळ म्हणून मोजणीत जाते. आपल्या न्यूयॉर्कच्या तक्त्यात ओझोनचे ३७ दिवस कोरे आहेत. उरलेल्या ११६ दिवसांची बेरीज ४८८७, म्हणून खरी सरासरी ४२.१. ऑकला ती एका ओळीची आज्ञा जशीच्या तशी दिली, तर ४८८७ ला १५४ ने भागून ३१.७ येईल. हा आकडा पाहून कुणाची भुवई उंचावणार नाही, हीच त्यातली खोच. उणे दोन हजार आला असता तर लगेच कळलं असतं.

‘आर’ भाषेचा स्वभाव नेमका उलटा आहे. तिला ओझोनच्या रकान्याची सरासरी विचारली की ती ‘एनए’ एवढंच उत्तर देते, म्हणजे माहीत नाही. तर्क बिनतोड आहे: ३७ दिवसांचे आकडे मला ठाऊक नाहीत, तेव्हा १५३ दिवसांची सरासरी मी कशी सांगू? कोरे दिवस वगळून सांग, असं वेगळं लिहून द्यावं लागतं, तेव्हा ४२.१३ मिळतं. नवख्याला हा आडमुठेपणा वाटतो. मला तो सज्जनपणा वाटतो, कारण वगळण्याचा निर्णय निदान आपल्या हातानं लिहिला जातो आणि सहा महिन्यांनी कोड उघडणाऱ्यालाही दिसतो.

पायथनच्या जगात एकाच घरात दोन मतं आहेत. ‘नमपाय’ या गणिताच्या संचात एक जरी कोरी जागा असली तरी सगळी सरासरी ‘नॅन’ होते, म्हणजे संख्याच नाही. त्याच नमपायच्या पायावर उभा राहिलेला ‘पांडास’ हा संच मात्र कोऱ्या जागा गुपचूप गाळून उत्तर देतो. पांडास वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत काम करताना लिहायला घेतला. शेअर बाजाराच्या तक्त्यात सुट्टीच्या दिवशी भाव नसतो, तिथे दर वेळी अडून बसणारं साधन कामाचं नव्हतं. त्या कामाच्या दृष्टीनं हा निर्णय समजण्यासारखा आहे. डेटाबेसची भाषा ‘एसक्यूएल’ हीसुद्धा कोऱ्या नोंदी गाळते. एक्सेलचं ‘ॲव्हरेज’ हे सूत्र रिकामे सेल आणि मजकूर दोन्ही गाळतं, पण कुणी शून्य टाइप केलं असेल तर ते मोजतं. त्याचाच भाऊ ‘ॲव्हरेजए’ मजकुरालाही शून्य धरून छेदात बसवतो. दोन नावांत एका अक्षराचा फरक. उत्तरात किती पडेल ते तक्त्यावर.

परीक्षेला गैरहजर राहिलेल्या मुलाला वर्गाच्या सरासरीत शून्य धरायचं का, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत दर वर्षी निघतो, आणि त्याचं उत्तर सरासरी कशासाठी हवी आहे यावर ठरतं. ओझोनच्या बाबतीत मात्र संशयाला जागा नाही. शून्य म्हणजे हवेत ओझोन नव्हता. कोरं म्हणजे आकडा हाती नाही. या तक्त्यातला सगळ्यात छोटा आकडा १ आहे. शून्य धरणं म्हणजे न्यूयॉर्कच्या हवेला ३७ दिवसांचं शुद्धतेचं प्रमाणपत्र वाटणं.

कोरं कोरंच ठेवलं असेल तर तरी बरं. हवामानाच्या जुन्या फाइलींत कोऱ्या जागेच्या ऐवजी एखादा अशक्य आकडा लिहायची पद्धत आहे. उणे ९९९९ हा त्यातला नेहमीचा. आपल्या ३७ दिवशी तो लिहिलेला असता आणि कोड लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं, तर ओझोनची सरासरी उणे २३८६ आली असती. मूर्खपणा, पण उघडा मूर्खपणा. त्याऐवजी कुणी दोन अंकी रकाना पुरेल म्हणून ९९ लिहिलं असतं तर? सरासरी ५५.९. हा आकडा सरळ अहवालात जाऊन बसला असता. म्हणून सरासरी काढण्याआधी रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहायचा, आणि तोच तो आकडा फार वेळा येतो का हेही पाहायचं, अशी जुन्या लोकांची सवय आहे. वेळ लागतो मिनिटभर.

आपल्याकडच्या फाइलींची आणखी एक गंमत असते. सव्वा लाख रुपये आपण १,२५,००० असे लिहितो, आणि रकाने वेगळे करायलाही स्वल्पविरामच वापरतो. अवतरणचिन्हांत न ठेवता असा आकडा फाइलीत गेला की एका रकान्याचे तीन होतात आणि पुढचं सगळं दोन घरं सरकतं. स्वल्पविरामासकट शाबूत पोहोचला तरी ऑक पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच आकडा वाचते, म्हणजे सव्वा लाखाचा एक रुपया. पांडासला फाइल वाचतानाच सांगावं लागतं की स्वल्पविराम हा हजारांचा आहे. ते तीनतीन अंकांनी आहेत की लाखाच्या हिशेबानं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, तो सरसकट काढून टाकतो. आणि आकडे देवनागरीत टाइप केलेले असतील तर पायथन ‘४१’ चं मुकाट ४१ करून देतं, ऑक मात्र त्याचंही शून्य करते. सरकारी कार्यालयांतून मिळालेल्या मराठी तक्त्यांवर काम करायचं तर हे ठाऊक असलेलं बरं.

आता सगळे रकाने एकदम. ‘आर’मध्ये प्रत्येक रकान्याची सरासरी देणारी एकच आज्ञा आहे. कोरे वगळून ती न्यूयॉर्कच्या तक्त्यावर चालवली की ओझोन ४२.१, ऊन १८५.९, वारा ताशी ९.९६ मैल, तापमान ७७.९ अंश फॅरनहाइट, महिना ६.९९ आणि तारीख १५.८ अशी उत्तरं येतात. म्हणजे सरासरी महिना जवळजवळ जुलै, आणि सरासरी तारीख सोळाच्या अलीकडे. यंत्राला महिना हाही आकडाच. पिन कोड, हजेरी क्रमांक, फोन नंबर, सगळ्यांच्या सरासऱ्या ते आनंदानं काढून देतं. वाऱ्याची दिशा अंशांत दिली असेल तर प्रकरण अधिक फसवं होतं: ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरेचे वारे, पण सरासरी १८०, म्हणजे शुद्ध दक्षिण. दिशा वर्तुळावर असते आणि साधी सरासरी सरळ रेषेवरच चालते. त्यासाठी प्रत्येक दिशेचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन घटक काढून त्यांची सरासरी घ्यावी लागते.

नमपाय आणि पांडासमध्ये सरासरी उभी काढायची की आडवी हे ० किंवा १ देऊन सांगतात, आणि इथे भले भले अडखळतात. बहुतेकांना वाटतं ० म्हणजे ओळी, तेव्हा ओळींच्या सरासऱ्या मिळतील. मिळतात रकान्यांच्या. कारण तो आकडा कोणती दिशा मिटवायची ते सांगतो, कोणती ठेवायची ते नाही. ओळी मिटल्या की प्रत्येक रकान्याचा एकेक आकडा उरतो. १५३ ओळींच्या तक्त्यातून सहा उत्तरं आली की बरोबर, १५३ आली की उलटं झालं. जितक्या ओळी तितकेच रकाने असले की ही खूणही हाती राहत नाही.

फाइल प्रचंड असेल तर बेरीज साठवत न बसताही सरासरी काढता येते. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत नवी सरासरी म्हणजे जुनी सरासरी, अधिक नव्या आकड्याच्या आणि तिच्या फरकाचा मोजणीइतकावा भाग. ओझोनवर करून पाहा: ४१ नंतर ३६ आला, फरक उणे ५, त्याचा निम्मा उणे २.५, सरासरी ३८.५. मग १२ आला, फरक उणे २६.५, त्याचा तिसरा हिस्सा सुमारे उणे ८.८, सरासरी २९.७. हे फक्त हुशारीचं प्रदर्शन नाही. ३२ बिटांच्या दशांश संख्येत बेरीज १,६७,७७,२१६ वर पोहोचली की तीत १ मिळवला तरी ती तिथेच राहते. मोठी बेरीज छोट्या आकड्यांना असं गिळून टाकते, सरासरी मात्र लहानच राहते.

पुन्हा छेदाकडे, कारण खरं नाट्य तिथे आहे. न्यूयॉर्कचे ३७ कोरे दिवस पाच महिन्यांत सारखे पसरलेले नाहीत. मे, जुलै, ऑगस्टमध्ये प्रत्येकी पाच, सप्टेंबरमध्ये एक, आणि एकट्या जूनमध्ये एकवीस. जूनचे फक्त नऊ दिवस हाती आहेत. महिनावार सरासऱ्या अशा: मे २३.६, जून २९.४, जुलै ५९.१, ऑगस्ट ६०.०, सप्टेंबर ३१.४. या पाचांची सरासरी ४०.७ येते, सगळ्या दिवसांची मिळून ४२.१. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पहिल्यात नऊ दिवसांचा जून आणि एकोणतीस दिवसांचा सप्टेंबर यांना सारखं मत आहे. दुसऱ्यात जूनचा आवाज नऊ दिवसांपुरताच. सरासऱ्यांची सरासरी काढताना आपण मतांचं वाटप करत असतो, आणि कोडमध्ये ते एका शब्दानं, आधी गट पाडून मग सरासरी घेण्याच्या आज्ञेनं, होऊन जातं. इथे फरक सुमारे दीड भागाचाच पडला. पण एका प्रसिद्ध तक्त्यात, इतर चुका धरून, तो सव्वादोन टक्क्यांहून मोठा पडला आणि त्यावरून देशांच्या अर्थमंत्र्यांची भाषणं झाली.

२०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या विकसित देशांची, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्का दाखवली. युरोपात आणि अमेरिकेत तेव्हा काटकसरीचे वारे होते. हा ९० टक्क्यांचा उंबरठा राजकारण्यांच्या तोंडी झाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ होता: एखादा प्रसिद्ध निष्कर्ष स्वतः काढून दाखवा. त्याला तो काढता येईना. शेवटी त्यानं लेखकांकडेच तक्ता मागितला आणि त्यांनी तो पाठवला.

एक्सेलचा तक्ता. देशांच्या ओळी ३० पासून ४९ पर्यंत, पण सरासरीच्या सूत्रात पल्ला ३० ते ४४ असाच. वीसपैकी पाच देश, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क, सूत्राच्या बाहेर. वर्तमानपत्रांनी हीच चूक उचलली, कारण ती सांगायला सोपी होती. वास्तविक तिच्यामुळे उत्तर जेमतेम ०.३ टक्क्यानं हललं होतं. सुटलेल्यांपैकी त्यांच्या तक्त्यात ९० टक्क्यांच्या गटात मोडणारा आणि फरक पाडणारा देश बेल्जियमच.

मोठा फरक पडला तो न्यूझीलंडमुळे. सूत्रानं पकडलेल्यांपैकी ९० टक्क्यांच्या गटातल्या सात देशांना सारखं वजन दिलं होतं. ब्रिटनची जास्त कर्जाची एकोणीस वर्षं होती, सरासरी वाढ २.४ टक्के; त्या एकोणीस वर्षांचं मत एक. न्यूझीलंडचं एकच वर्ष मोजलं होतं, १९५१, वाढ उणे ७.६; त्याचंही मत एक. तेही नक्कल करताना उणे ७.९ झालं होतं. न्यूझीलंड बाजूला ठेवलं तर उरलेल्या सहांची सरासरी अधिक १.२ च्या आसपास येते, म्हणजे एका देशाच्या एका वर्षानं चिन्ह फिरवलं. न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही चार वर्षंही त्याच गटातली होती, पण ती मोजणीत घेतली नव्हती. ती धरली की त्या देशाची सरासरी उणे ७.६ वरून अधिक २.६ वर जाते.

हर्न्डननं मायकल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन या आपल्या प्राध्यापकांसह २०१३ मध्ये सगळं पुन्हा मांडलं. कोणतंही वर्ष न गाळता, प्रत्येक देशाच्या प्रत्येक वर्षाला एक मत देऊन छेदात ११० वर्षं बसली. सरासरी वाढ निघाली २.२ टक्के.

राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी सूत्राचा अपुरा पल्ला मान्य केला. सारख्या वजनाची पद्धत मात्र त्यांनी सोडली नाही: एखादा देश दीर्घकाळ कर्जात राहिला म्हणून सगळा निष्कर्ष त्याच एका देशाचा होऊ नये, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही; ब्रिटनची लागोपाठची एकोणीस वर्षं म्हणजे एकोणीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. पण मग न्यूझीलंडच्या एका वर्षाला पूर्ण देशाचं मत देण्याचं समर्थन कसं करायचं, याला त्यातून उत्तर मिळत नाही. मजा अशी की त्यांच्या मूळ लेखातच, त्याच गटासाठी, उणे ०.१ या सरासरीशेजारी मध्यकही छापलेला होता, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधे येणारा. तो अधिक १.६ होता. न्यूयॉर्कच्या ओझोनचा मध्यक ३१.५ आणि सरासरी ४२.१, कारण काही दिवस थेट १६८ पर्यंत चढले होते. तिथे टोकाच्या आकड्यांनी सरासरी वर ओढली. इथे ती खाली ओढली गेली होती, आणि ओढणारी ओळ तक्त्यात डोळ्यांसमोर होती.